रिकाम्या जागेवरचे विजेते

३० एप्रिल २०१७, रविवार. शिलाँगच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर ऐझॉल एफसीला फक्त एक गुण हवा होता. सामना बरोबरीत सुटला तरी देशाच्या तेव्हाच्या सर्वोच्च फुटबॉल लीगचं, आय-लीगचं, विजेतेपद मिझोरामला जाणार होतं. पण नवव्याच मिनिटाला शिलाँग लाजाँगच्या दिपांदानं गोल केला. कॅमेरूनचा हा आघाडीवीर त्या हंगामात ११ गोल करून सर्वांत पुढे राहिला, म्हणजे ज्याच्यासमोर चूक करायला नको, नेमका तोच माणूस समोर होता. तिकडे कोलकात्यात मोहन बागान चेन्नई सिटीशी खेळत होता आणि ऐझॉल हरण्याची वाट पाहत होता. मध्यंतर झालं तरी गुण हातात नव्हता. अखेर ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलानं बरोबरी साधली. बागाननं आपला सामना २-१ असा जिंकला, पण त्याचा उपयोग झाला नाही. ऐझॉल ३७, मोहन बागान ३६.

ईशान्य भारतातल्या क्लबनं राष्ट्रीय लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ. वर्षभर आधी इंग्लंडमध्ये लेस्टर सिटीनं लीग जिंकण्याचा असाच चमत्कार केला होता, त्यामुळे ‘भारताचं लेस्टर’ हे बिरुद लगेच चिकटलं. ते अर्धवटच बसतं. लेस्टर आदल्या हंगामात चौदाव्या स्थानावर राहून वरच्या श्रेणीत टिकलं होतं. ऐझॉल टिकलंच नव्हतं.

२०१५-१६ च्या आय-लीगमध्ये नऊ संघ होते आणि ऐझॉल आठवं आलं. शेवटी होता पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स. पण थेट प्रवेश मिळालेल्या या नव्या संघाला पदावनतीपासून संरक्षण होतं. त्यामुळे तळाचा संघ राहिला आणि त्याच्या वरचा गेला. नियमात बसणारं, पण पाहणाऱ्याला न पटणारं. त्याच मोसमात ऐझॉलनं फेडरेशन कपची अंतिम फेरी गाठली होती. तिथे मोहन बागाननं त्यांना ५-० असं लोळवलं.

मग दार उघडलं ते गोव्यात. २००७-०८ मध्ये आय-लीग सुरू झाली तेव्हापासून सलग सहा विजेतेपदं गोव्यातच गेली होती: तीन धेंपोकडे, दोन चर्चिल ब्रदर्सकडे, एक साळगांवकरकडे. तरीही २०१६ मध्ये साळगांवकर आणि स्पोर्टिंग क्लब दि गोवा यांनी लीग सोडली आणि पाठोपाठ धेंपोही बाहेर पडला. कारण होतं भारतीय फुटबॉल महासंघाचा नवा आराखडा. त्यात फ्रँचायझींची इंडियन सुपर लीग शिखरावर आणि आय-लीग तिच्या खाली, अशी मांडणी होती. पिढ्यान् पिढ्या क्लब चालवणाऱ्यांनी मैदानावर न हरताच दुय्यम व्हायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांचा राग समजण्यासारखा होता. पण त्यांनी सोडलेल्या जागा भरायच्या होत्या आणि ऐझॉलला पुन्हा आत घेण्यात आलं.

प्रशिक्षकही असाच, दुसरीकडून सुटलेला. खालिद जमील मुंबईच्या फुटबॉलमध्ये मुरलेला माणूस. तो एअर इंडिया आणि महिंद्र युनायटेडकडून खेळला होता. महिंद्र युनायटेड हा तोपर्यंत राष्ट्रीय लीग जिंकलेला महाराष्ट्राचा एकमेव संघ. पुढे जमील मुंबई एफसीचा खेळाडू आणि २००९ पासून सात वर्षं तिथलाच प्रशिक्षक. कमी पैशांत संघ उभा करायचा, गोल खायचे नाहीत आणि खालच्या श्रेणीत जायचं नाही, एवढंच त्याच्याकडून अपेक्षित होतं. २०१६ मध्ये क्लबनं त्याला निरोप दिला आणि हंगामाच्या तोंडावर तो ऐझॉलला पोहोचला.

त्याच्या संघात मुंबई एफसीकडून खेळून गेलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता होते. गोलरक्षक अल्बिनो गोम्स गोव्याचा, मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल अम्ना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यन. संघाचा खर्च त्या वेळच्या बातम्यांनुसार दोन कोटींच्या आसपास.

मात्र उरलेला संघ मिझो मुलांचा होता आणि तो कुठून आला हे पाहिल्याशिवाय चमत्काराची भाषा करणं चुकीचं ठरेल. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे अकरा लाख वस्तीच्या या राज्यात २०१२ मध्ये मिझोराम प्रीमियर लीग सुरू झाली. स्थानिक केबल वाहिनी तिचे सामने घरोघरी दाखवू लागली. दोनच वर्षांत, २०१४ मध्ये, मिझोरामनं अंतिम सामन्यात रेल्वेला ३-० असं हरवून संतोष करंडक जिंकला. पुढच्या वर्षी ऐझॉल दुसऱ्या श्रेणीतून वर चढलं. पाया आधीच घातलेला होता, फक्त दिल्ली-मुंबईच्या क्रीडापानांना तो दिसला नव्हता.

खेळ मात्र डोळे दिपवणारा नव्हता. १८ सामन्यांत २४ गोल आणि त्यावर ११ विजय! जमीलच्या संघाला एका गोलाची आघाडी पुरत असे. २२ एप्रिलला ऐझॉलच्या राजीव गांधी स्टेडियमवर मोहन बागान आला तेव्हा दोघांचेही १६ सामन्यांत ३३ गुण होते. ८३ व्या मिनिटापर्यंत गोलफलक कोरा. मग बचावपटू झोमिंगलियाना राल्टेनं हेडर मारला आणि १-० वर सामना संपला. वर्षभरापूर्वीच्या पाच गोलांची ही परतफेड, एका गोलात.

मुंबई एफसी त्याच हंगामात तळाला गेला आणि काही महिन्यांत बंद पडला. शिवाजीयन्सही गुंडाळला गेला. २०१७-१८ च्या आय-लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. विजेत्यांचंही फार बरं झालं नाही. सुपर लीगमध्ये जागा द्या, ही ऐझॉलची मागणी मान्य झाली नाही. जमील आणि अल अम्ना ईस्ट बंगालला गेले, राणे कोलकात्याच्या एटीकेला, बचावपटू लालरुआत्थारा केरळ ब्लास्टर्सला. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत जानेवारी २०१८ मध्ये इराणच्या झोब अहाननं ऐझॉलला ३-१ असं हरवलं. जमीलचा प्रवास मात्र थांबला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये तो भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला.

गोव्याचे क्लब गेल्यावर त्या हंगामात ऐझॉलसोबत मिनर्व्हा पंजाब आणि चेन्नई सिटी यांनाही प्रवेश मिळाला होता. दोघेही तेव्हा गुणतक्त्याच्या खालच्या अर्ध्यात राहिले. पुढच्याच वर्षी, २०१७-१८ मध्ये, मिनर्व्हानं लीग जिंकली. त्यानंतर २०१८-१९ मध्ये चेन्नई सिटीनं.