वेळेवर भरलेले पैसे ‘उशिरा’ लिहिले गेले, तर काय करायचे?



आपल्या पिढीला उधारीची लाज वाटते. कार्डाचे बिल आले की तारखेआधी भरून टाकायचे, ही आपली सवय. तरीसुद्धा कधी कधी रिपोर्टात ‘उशीर’ लिहिलेला सापडतो. आता या वयात कर्ज कुठे काढायचे आहे, म्हणून सोडून देऊ नका. इथे वीज कंपनी बदलताना, फोनचा प्लान घेताना किंवा भाड्याचे घर बघताना क्रेडिट रिपोर्ट तपासला जाऊ शकतो.

माझेच सांगते. बँकेने कार्ड बदलून नवा नंबर दिला. दर महिन्याला आपोआप जाणारे पैसे नव्या कार्डावर जमा होतील, असे बँकेनेच सांगितले होते. पण ते चार दिवस जुन्या नंबरावर पडून राहिले आणि माझ्या नावापुढे उशीर लागला. मला पत्ताच नाही! वीज कंपनीने अनामत मागितली, तेव्हा कळले.

नोंद कुठे असते?

न्यूझीलंडात अशी माहिती ठेवणाऱ्या तीन कंपन्या आहेत : सेंट्रिक्स, इक्विफॅक्स आणि इलियन (ही आता एक्स्पिरियनने घेतली आहे). तिघींकडे आपला रिपोर्ट फुकट मागता येतो. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स लागते. तिन्ही मागवा, कारण एकीकडे असलेली चूक दुसरीकडे नसेलही.

रिपोर्टात दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. एक, दर महिन्याचे पैसे वेळेवर आले की नाही याची नोंद. ती दोन वर्षांपर्यंत दिसते. दुसरी, ‘डिफॉल्ट’, म्हणजे १२५ डॉलर किंवा जास्त रक्कम ३० दिवसांहून अधिक थकली आणि वसुलीचा प्रयत्न झाला, की लागते. ती पाच वर्षे राहते. चार दिवसांच्या उशिराला कोणी डिफॉल्ट म्हणत असेल, तर लगेच हरकत घ्या.

तक्रार कशी करायची?

१. आधी पुरावा जमवा. ज्या खात्यातून पैसे गेले त्याचे स्टेटमेंट आणि कार्डाचे स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवा. देय तारीख, पैसे गेले ती तारीख आणि संदर्भ क्रमांक, यांवर खूण करा. २६ मे २०२३ पासून इथल्या मोठ्या बँकांमधले पैसे शनिवार-रविवारी आणि सुटीतही पुढे जातात. त्यामुळे त्यानंतरच्या पेमेंटला ‘मध्ये सुटी होती’ हे उत्तर आले, तर नीट खुलासा मागा.

२. कार्ड देणाऱ्या बँकेला लेखी कळवा. फोन केलात तरी तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचे नाव वहीत टिपा. वॉर्डात आम्हाला शिकवले होते, जे लिहिले नाही ते झालेच नाही असे समजायचे. इथेही तेच. पत्र लांब नको. कोणत्या महिन्याची नोंद, ती का चूक, सोबत काय जोडले आहे, आणि काय दुरुस्त करून हवे, एवढेच.

३. त्याच दिवशी रिपोर्टवाल्या कंपनीलाही कळवा. तुम्ही हरकत घेतली की त्या नोंदीवर ‘वादग्रस्त’ अशी खूण करावी लागते आणि कामाच्या २० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. याला पैसे पडत नाहीत.

४. दुरुस्ती नाकारली, तर तुमची बाजू सांगणारे निवेदन नोंदीला जोडायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.

५. तरीही ऐकले नाही, तर माहितीच्या चुकीसाठी प्रायव्हसी कमिशनर आणि बँकेच्या वागणुकीसाठी बँकिंग ओम्बुड्समन. दोन्हीकडे तक्रार फुकट. मात्र आधी कंपनीला आणि बँकेला संधी दिलेली असावी.

माझी नोंद तीन आठवड्यांत दुरुस्त झाली. मग मी नवा रिपोर्ट मागवून वीज कंपनीला दाखवला आणि अनामतही सुटली. दुरुस्त केले असे फोनवर सांगितले, तरी कागद हातात येईपर्यंत थांबू नका.

एक मात्र लक्षात ठेवा. खरोखर उशीर झाला असेल, तर ती नोंद पुसून मिळत नाही. पैसे घेऊन रिपोर्ट ‘साफ’ करून देतो म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. आणि कोणी फोन करून कार्डाचा नंबर किंवा पिन मागितला, तर फोन ठेवून द्या.

फॉर्म भरायला जमत नसेल, तर मनुरेवाच्या सिटिझन्स ॲडव्हाइस ब्युरोत मोफत मदत मिळते; फोन ०८०० ३६७ २२२. मुलाने किंवा सुनेने तुमच्या वतीने बोलायचे असेल, तर बँकेला आधी लेखी परवानगी द्या. नाहीतर ते काही सांगणार नाहीत.

मुंबई-ठाण्यातल्या नातेवाइकांसाठी

भारतात सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पिरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. कार्डाचे पैसे तीन दिवसांहून जास्त थकल्याशिवाय ‘उशीर’ कळवायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तक्रार ३० दिवसांत मिटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

वर्षातून एकदा ब्लडप्रेशर-साखर तपासतो, तसा हा रिपोर्टही तपासा. आणि निदान दोन वर्षांची स्टेटमेंटे फाडू नका.