थात पनोम
थायलंडच्या ईशान्य भागातील नाखोन पनोम प्रांतामधील एक लहान नगर व बौद्ध तीर्थक्षेत्र. ते मेकाँग नदीच्या उजव्या काठी, नाखोन पनोम शहराच्या दक्षिणेस सु. ५० किमी.वर वसले असून नदीपलीकडे लाओस देश आहे. ‘थात’ हे संस्कृत ‘धातु’ (पवित्र शारीर अवशेष) या शब्दाचे थाई रूप असून ‘पनोम’ हा टेकडी या अर्थाचा ख्मेर शब्द आहे.

नगराचे महत्त्व येथील वात फ्रा थात पनोम या विहारातील स्तूपामुळे आहे. बुद्धाच्या उरोस्थीचा अवशेष महाकाश्यपाने येथे आणला व पाच राजांनी त्यावर स्तूप बांधला, अशी आख्यायिका आहे. पायथ्याच्या कोरीव विटांवरून मूळ वास्तू नवव्या-दहाव्या शतकांतील असावी, असे अभ्यासक मानतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस व्हिएनत्यानहून आलेल्या एका भिक्षूने तिचा जीर्णोद्धार केला. १९४०–४१ मध्ये काँक्रीटचे काम करून तिची उंची सु. १० मी. वाढविण्यात आली. जुन्या विटकामावर हा भार पडला आणि अनेक दिवसांच्या संततधार पावसानंतर ११ ऑगस्ट १९७५ रोजी संपूर्ण स्तूप कोसळला. ढिगाऱ्यातून अवशेष-करंडक व अर्पण केलेल्या असंख्य वस्तू मिळाल्या. लोकवर्गणी व शासकीय साहाय्य यांतून स्तूप पूर्वीच्याच आकारात पुन्हा उभारण्यात आला आणि १९७९ मध्ये अवशेषांची त्यात पुनःस्थापना झाली. स्तूपाचे पावित्र्य बांधकामाच्या प्राचीनतेवर नव्हे, तर आतील धातूवर अवलंबून असल्याने भाविकांच्या दृष्टीने ही नवी वास्तूही जुन्याइतकीच पूज्य ठरली.

सध्याचा स्तूप सु. ५३ मी. उंच, चौकोनी व लाओ शैलीचा असून त्याच्या पांढऱ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी व शिखरावर सुवर्णछत्र आहे. ढिगाऱ्यात सापडलेल्या वस्तूंपैकी काही विहाराच्या संग्रहालयात पाहावयास मिळतात. माघी पौर्णिमेच्या सुमारास भरणाऱ्या वार्षिक यात्रेस लाओसमधूनही भाविक येतात. पूर्वी स्तूपाच्या सेवेस वाहिलेल्या कुटुंबांचे वंशज या वेळी धान्यादी भेटी अर्पण करतात. भाविक फुले, उदबत्त्या व मेणबत्त्या घेऊन स्तूपाला उजवी घालीत तीन प्रदक्षिणा करतात. वानर-वर्षी जन्मलेल्यांनी आयुष्यात एकदा तरी येथे यावे, असा संकेत आहे. नगरास रेल्वे नाही; नाखोन पनोम व दक्षिणेकडील मुकदाहान येथून मोटाररस्त्याने येता येते.