वाणीचे सांधे

‘आर्टिक्युलेट’ या इंग्रजी विशेषणाचा अर्थ आपण घडाघडा बोलणारा असा करतो, आणि अडखळणाऱ्याला मनातल्या मनात नापास करून टाकतो. हा अन्याय आहे. मूळ लॅटिन शब्द ‘आर्टिक्युलस’, म्हणजे लहानसा सांधा. दोन हाडे सांध्यात जुळली की शरीरशास्त्रज्ञही हाच शब्द योजतात. नुसता हुंकार सलग असतो. जीभ, दात, ओठ त्याला जागोजागी अडवतात तेव्हा वर्ण वेगळे होतात, उसाला पेरे असतात तसे. म्हणजे कस वेगाचा नव्हे, सांध्यांचा! लेखाला ‘आर्टिकल’ म्हणतात, तेही याच कुळातले. आणि आपल्याकडे? संस्कृतात बोटाच्या पेरालाही ‘पर्व’च म्हणतात आणि महाभारताच्या १८ भागांनाही.