पडद्यावरची आपबिती आणि ऐकणारे आपण



आजचा विषय जड आहे. मध्येच कुणाला उठून बाहेर जावंसं वाटलं तर खुशाल जा, कुणीही वळून बघणार नाही.

लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेली माणसं मोठेपणी कॅमेऱ्यासमोर बोलतात, तेव्हा त्यातून आपण प्रेक्षकांनी काय घ्यायचं, एवढाच आजचा मुद्दा आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अशा फिल्ममध्ये अत्याचार कसा झाला यापेक्षा त्या वेळी भोवतालच्या मोठ्या माणसांनी काय ऐकलं आणि काय ऐकलं नाही, हे बघायचं असतं. कारण त्या मोठ्या माणसांच्या जागी आज आपण आहोत.

एक आकडा बघू. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलामुलींशी त्यासाठी बोलणं झालं होतं. त्यांतल्या ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. त्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. अत्याचार करणाऱ्यांपैकी साधारण निम्मे ओळखीचे, विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता असा आकडा ऐकला की आपण हळहळतो आणि म्हणतो, ‘बाहेर काय काय चाललंय!’ बाहेर. आपबिती ऐकताना मात्र तो ‘बाहेर’ शब्द टिकत नाही.

१३ मे २०१२, रविवार. ‘सत्यमेव जयते’चा दुसरा भाग याच विषयावर होता. हरीश अय्यर त्यात बोलले. सात वर्षांचे असल्यापासून अकरा वर्षं एका नातेवाइकाकडून होणारा अत्याचार त्यांनी सोसला होता. रक्त जातंय हे त्यांनी आईला सांगितलं, तेव्हा ‘आंबे जास्त खाल्लेस म्हणून’ असं उत्तर मिळालं. नीट बघा, ही आई निर्दय नव्हती. आपल्या घरात असं काही होऊ शकेल, हा विचारच तिच्या मनात नव्हता. घराघरांत रविवारी सकाळी सगळे एकत्र बसून हे बघत होते, आणि कितीतरी आयांना आपणही असंच काहीतरी उत्तर दिलं असतं, हे जाणवलं असणार.

याच कार्यक्रमामुळे कायदा झाला, असं पुष्कळदा सांगितलं जातं. तारखा बघा. पॉक्सोचं विधेयक राज्यसभेत १० मे रोजी, म्हणजे कार्यक्रमाच्या तीन दिवस आधीच मंजूर झालं होतं. लोकसभेत २२ मे रोजी झालं आणि १४ नोव्हेंबर २०१२ पासून कायदा लागू झाला. त्यामागे अनेकांचं आधीपासूनचं काम होतं. कार्यक्रमानं वेगळी गोष्ट केली: या विषयाला जेवणाच्या टेबलापर्यंत आणलं. कायद्याला हे जमत नाही.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. जेनिफर फॉक्स या माहितीपट बनवणाऱ्या दिग्दर्शिका. त्यांचा २०१८ चा ‘द टेल’ हा कथापट त्यांच्या स्वतःच्या आयुष्यावर आहे. तेरा वर्षांच्या असताना त्यांनी शाळेसाठी एक गोष्ट लिहिली होती. तिच्यात मोठ्या माणसांशी असलेल्या ‘खास नात्या’चं वर्णन होतं. कित्येक वर्षं त्या स्वतःही त्याला प्रेमप्रकरणच समजत होत्या.

सिनेमात सुरुवातीला छोट्या जेनीचं काम जरा थोराड दिसणारी मुलगी करते, कारण नायिकेला आपण तशाच आठवतो. मग आई तिला त्या वयाचा खरा फोटो दाखवते. अरे, ही तर केवढीशी पोर! तिथून पुढे तेच प्रसंग पुन्हा दिसतात, पण आता एक चिमुरडी मुलगी त्यात असते. ‘इतकी वर्षं गप्प का बसलीस?’ या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. जे घडलं त्याला अत्याचार म्हणतात हे कळायलाच अर्धं आयुष्य जाऊ शकतं. आणि हो, शारीरिक प्रसंगांसाठी प्रौढ बदली कलाकार वापरल्याचं सिनेमा स्वतःच सांगतो. मुलांवरच्या अत्याचाराबद्दल बोलताना एका मुलीला त्यातून नेणं बरोबर नव्हे, एवढं साधं तत्त्व.

तिसरं उदाहरण, रॉबर्ट ग्रीन यांचा २०२१ चा ‘प्रोसेशन’. लहानपणी धर्मगुरूंकडून अत्याचार झालेले सहा पुरुष नाट्योपचार करणाऱ्या तज्ज्ञाच्या सोबतीनं स्वतःचे प्रसंग स्वतः लिहितात, उभे करतात. कुठे थांबायचं हे ते ठरवतात. आपल्याकडे ‘पीडित’ हा शब्द सर्रास वापरतात. तो माणसाला त्या घटनेतच बसवून ठेवतो. इथे तोच माणूस सेटवर उभा राहून सांगतो, ‘हा शॉट पुन्हा घेऊ.’ लहानपणी ज्या गोष्टीवर त्याची काही सत्ता नव्हती, तिच्यावर आता थोडी तरी आहे.

म्हणून कुणाची आपबिती चित्रित करायची असेल, तर बोलणाऱ्याला शेवटपर्यंत ‘नको’ म्हणता आलं पाहिजे. आणि आज जे मूल आहे त्याच्याबाबत तर कायदाच स्पष्ट आहे. पॉक्सोच्या कलम २३ नुसार माध्यमांना मुलाचं नाव, पत्ता, फोटो, शाळा, घरच्यांची माहिती, ओळख पटेल असं काहीच उघड करता येत नाही. परवानगी फक्त विशेष न्यायालय देऊ शकतं, तीही मुलाच्या हिताची असेल तरच. व्हॉट्सॲपवर ‘जागृतीसाठी’ व्हिडिओ पुढे ढकलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता आलेल्या चिठ्ठ्यांतले दोन प्रश्न घेतो.

‘मुलांना हे सिनेमे दाखवावेत का?’ नाही, हे मोठ्यांसाठी आहेत. मुलांसाठी चाइल्डलाइनची ‘कोमल’ ही छोटी ॲनिमेशन फिल्म आहे. तिला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला आहे. मुलांसोबत बसून बघा, आणि नंतर त्यांना बोलू द्या.

‘मूल खोटं सांगत असेल तर?’ हा प्रश्न मनात येतो, हे मी समजू शकतो. पण खरं-खोटं करणं हे तपासाचं आणि न्यायालयाचं काम आहे. आपण उलटतपासणी घ्यायची नाही. पुन्हा पुन्हा विचारल्यानं मूल गप्प होतं किंवा गोंधळतं. शांतपणे ऐकायचं आणि ‘सांगितलंस ते चांगलं केलंस, यात तुझी चूक नाही’ एवढं म्हणायचं. मग १०९८ वर किंवा पोलिसांना कळवायचं. कलम १९ प्रमाणे हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. मुलाला पोलीस ठाण्यात न्यावं लागेल, अशीही धास्ती नको. त्याचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, साध्या कपड्यांतल्या पोलिसांनी घ्यायचा असतो.

आज घरी गेल्यावर एक करा. ‘काकांकडे जायचं नाही’ असं एखादं मूल म्हणालं, तर ‘असं बोलू नये’ म्हणण्याआधी ‘का रे बाळा?’ असं विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर तेवढा वेळ तिथेच बसा.