गाय बसली तर काय करावे?

समजा, आपली गाय काल रात्री व्याली. वासरू चांगले आहे. सकाळी आपण गोठ्यात जातो, तर गाय बसलेली. हाक मारली, पाठीवर थाप दिली, तरी उठत नाही. मागच्या पायांत जोरच नाही.

मग घरात धांदल उडते. कोणी म्हणतो, "नजर लागली." कोणी म्हणतो, "डाग द्या." कोणी शेपटी पिरगाळतो. म्हातारी माणसे देवाला गाऱ्हाणे घालतात. गाऱ्हाणे जरूर घालावे, पण तेवढ्यावर थांबू नये. डाग देऊन किंवा मारून गाय उठत नाही. तिचे हाल मात्र होतात.

पहिले काम, डॉक्टरांना बोलवायचे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात माणूस धाडावा. नाहीतर एक-नऊ-सहा-दोन, म्हणजे १९६२ या नंबरावर फोन करावा. फिरत्या दवाखान्यासाठी हा नंबर आहे.

व्याल्यावर तीन दिवसांच्या आत गाय बसली, तर पुष्कळदा तिच्या रक्तात कॅल्शियम कमी पडलेले असते. चीक आणि दूध यांतून ते एकदम बाहेर जाते. मग अंगात बळ राहात नाही. डॉक्टर शिरेतून कॅल्शियम देतात. पुष्कळ गायी त्यानंतर थोड्या वेळात उठतात. पण हे इंजेक्शन घरी कोणी टोचू नये. ते भराभर दिले तर हृदय बंद पडते.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. काही गायी औषध देऊनही उठत नाहीत. असे का होते?

आपण बराच वेळ मांडी घालून बसलो, तर पायाला मुंग्या येतात. पाय दाबला जातो. त्यात रक्त नीट खेळत नाही. गायीचेही तसेच आहे. तिचे वजन शेकडो किलो. ती एकाच कुशीवर बसून राहिली, तर सगळा भार खालच्या मांडीवर येतो. मांडीचे मांस आणि शिरा चेंगरतात. कठीण जमिनीवर सहा ते बारा तासांतच मोठे नुकसान होऊ शकते. म्हणजे मूळचे दुखणे बरे झाले, तरी पाय निकामी होतो. आपली कोकण कपिला चणीने लहान. जर्सीच्या संकराची गाय जड. जड गायीला हा धोका जास्त.

म्हणून औषध डॉक्टरांचे, पण सेवा आपली. ती अशी करावी.

जागा मऊ करा. आपल्याकडे गोठ्यात जांभ्या चिऱ्याची फरशी असते, नाहीतर सिमेंटचा कोबा असतो. दोन्ही कठीण. गायीखाली निदान एक वीत जाडीचा कोरडा पेंढा घाला. पेंढा नसेल तर वाळलेले गवत किंवा पातेरा चालेल. सुकी रेती मिळाली तर फारच चांगले. ओले झालेले रोज बदला.

गाय आडवी पडू देऊ नका. ती छातीवर बसलेली असावी. आडवी पडली तर पोट फुगते. पेंढा भरलेली गोणी अंगाला टेकू म्हणून लावा.

कूस बदला. दर तीन-चार तासांनी गायीला दुसऱ्या कुशीवर घ्या. रात्रीही उठा. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाची आपण कूस बदलतो ना? तसेच हे.

पाय चोळा. दिवसातून तीन-चार वेळा मागचे पाय दहा-पंधरा मिनिटे चोळा. मग पाय हळूहळू दुमडा आणि सरळ करा. कोमट पाण्याच्या फडक्याने शेका. पाणी आधी आपल्या हातावर बघा. बधिर पायाला चटका कळत नाही. मात्र हाड मोडले आहे का, सांधा निसटला आहे का, हे डॉक्टरांनी बघितल्याशिवाय पाय हलवू नका.

उठायला मदत करा. गाय धडपडू लागली की चार माणसांनी आधार द्यावा. एक गोणपाट पुढच्या पायांमागे छातीखालून, दुसरे कासेच्या पुढे पोटाखालून घ्या. गाय टांगून ठेवायची नाही. तिचा भार तिच्याच पायांवर यायला हवा. भार घेत नसेल, तर लगेच खाली बसवा. मागचे पाय फाकत असतील, तर मऊ फडक्याने दीड-दोन विती अंतर ठेवून बांधा. पायाखाली माती असावी. कोब्यावर गाय घसरते.

चारा-पाणी तोंडापाशी ठेवा. ऊन-पाऊस लागू देऊ नका.

अशा सेवेला व्यायाम-उपचार म्हणतात. माणसाला अर्धांग झाल्यावर हात-पाय हलवून घेतात, तोच हा प्रकार. परदेशात बसलेल्या गायीला मोठ्या टाकीत घेऊन भोवती कोमट पाणी भरतात. खाडीत पोहताना आपले अंग हलके लागते, तसे गायीचे वजन पाण्यात हलके होते आणि ती उभी राहते. घोड्यांना आणि कुत्र्यांनाही पाण्यात चालवून पाय सुधारतात. पण बसलेली गाय आपण खाडीत किंवा तळ्यात नेऊ नये. ती बुडेल.

प्रत्येक गाय उठेलच असे नाही. हाड मोडले असेल, तर चोळून उपयोग नाही. पण गाय चारा खाते, रवंथ करते, उठायची धडपड करते, तोवर आशा सोडू नका. काही गायी आठवड्यानेही उठतात.

शेवटी एक सोपी युक्ती. आता आपल्याला लिहिता येते. गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहा: "६ वाजता डावी कूस. ९ वाजता उजवी कूस." पुढची पाळी कोणाची, तेही लिहा. म्हणजे घरात कोणी विसरणार नाही. डॉक्टर आले, की त्यांनाही ते वाचता येईल.