दारात गाडी, खुंटीला चावी आणि मी घरातच

मागच्या भागानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "ताई, यूकेला जातोय, लंडनपासून लांब स्वस्तात तीन बेडरूमचं घर मिळतंय. घेऊ का?" उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही, म्हणून हा अख्खा भाग त्यावरच. इअरफोन नसतील तर नेहमीप्रमाणे खाली वाचा.

आम्ही ऑक्टोबर 2022 मध्ये पुण्याहून स्विंडनला आलो. स्विंडन म्हणजे लंडनच्या पश्चिमेला, पॅडिंग्टनहून ट्रेननं साधारण तासाभरावर. आमचं घर वेस्ट स्विंडनमध्ये. खाली हॉल-किचन, वर तीन खोल्या, मागे हिरवळीचा तुकडा. भाडं महिन्याला 1,150 पाउंड. रीडिंगमध्ये तसंच एक घर पाहिलं होतं, ते 1,550 ला होतं. सही करताना आम्ही दोघं मनातल्या मनात नाचत होतो.

पहिल्या रविवारी संध्याकाळी घरातलं दूध संपलं. पुण्यात काय करतो आपण? चपला घालतो आणि खाली जातो. मी जॅकेट चढवलं आणि निघाले. एक गल्ली, दुसरी गल्ली, सगळी घरं एकसारखी, प्रत्येक दारात गाडी, आणि माणूस एकही नाही. कुत्रा भुंकल्याचासुद्धा आवाज नाही! वीसेक मिनिटं चालून सुपरमार्केटला पोहोचले, तर ते बंद. इंग्लंडात 280 चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना रविवारी फक्त सहा तास उघडं राहता येतं, 1994 चा कायदा आहे तसा. मला कुठे माहीत!

आता ही वस्ती अशी का आहे, हे आधी समजून घेऊ. स्विंडन मुळात रेल्वेचं गाव. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा इथला कारखाना 1986 मध्ये बंद झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनची गर्दी कमी करायची म्हणून 1952 मध्ये कायदा झाला, आणि त्याखाली लंडनची माणसं स्विंडनसारख्या गावांत आणून वसवली गेली. गाव वाढत गेलं. सत्तरच्या दशकात पश्चिमेची शेतं घेऊन वेस्ट स्विंडन बांधायला सुरुवात झाली. तोपर्यंत इंग्लंडात नियोजनाची एक ठाम कल्पना रुजली होती. 1963 च्या बुकॅनन अहवालानं सांगितलं होतं की गाड्या वाढणारच आहेत, तेव्हा पळणारी वाहतूक आणि राहण्याची जागा एकमेकांपासून वेगळ्या ठेवा. म्हणून मोठे रस्ते वस्तीच्या बाहेरून फिरवले, आणि आत ठेवल्या बंद गल्ल्या. गल्लीत तिथे राहणाऱ्याशिवाय कोणाची गाडी येतच नाही. ती शांतता तिथून आलीय. पोरं बिनधास्त सायकल चालवतात.

पण त्याच आखणीमुळे सरळ रेषेत 300 मीटरवर असलेलं दुकान गाडीरस्त्यानं दीड किलोमीटर होतं. पायवाटा आहेत हो, आणि चांगल्या आहेत. मोठ्या रस्त्यांखालून भुयारी वाटा आहेत, झाडी आहे, जवळच लिडियार्ड पार्कसारखं सुंदर उद्यान आहे. जूनमध्ये तिथे चालावं आणि कविता कराव्यात. डिसेंबरमध्ये दुपारी चार वाजता सूर्य मावळतो, पाऊस तिरका येतो, आणि त्या भुयारात एकटं शिरताना तुम्ही पर्समधली चावी मुठीत धरता.

आणि बस? लंडनमधल्या बस कुठून, कधी धावायच्या हे तिथली सरकारी यंत्रणा ठरवते. बाकी इंग्लंडात 1986 पासून बहुतेक ठिकाणी खासगी कंपन्या ठरवतात. जिथे प्रवासी तिथे बस. बंद गल्ल्यांच्या वस्तीत सगळे गाडीनं जातात, म्हणून प्रवासी कमी. प्रवासी कमी, म्हणून संध्याकाळच्या फेऱ्या कमी. फेऱ्या कमी, म्हणून उरलेलेही गाडी घेतात. तिकीट महाग नाही, जानेवारी 2023 पासून एका फेरीला दोन पाउंडांची कमाल मर्यादा आली, ती 2025 पासून तीन झाली. पण जी बस येतच नाही तिचं तिकीट कितीला का असेना!

बसनं मला एक चांगली गोष्ट मात्र दिली. एके सकाळी मी फोनवर आईशी बोलत होते. फोन ठेवल्यावर पुढच्या सीटवरच्या बाई वळून म्हणाल्या, "तूं खंयची गो?" मी उडालेच! स्विंडनमध्ये गोव्याची खूप माणसं आहेत. 1961 च्या आधी पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज पासपोर्ट घेता येतो. तो घेऊन, ब्रिटन युरोपियन युनियनमध्ये असताना, हजारो गोंयकार इंग्लंडात आले. चांगला बांगडा कुठे मिळतो हे मला त्या बाईंनी सांगितलं, आणि मग तिथवर कसं जायचं हा प्रश्न आलाच.

तर आता मुद्द्याचं. लायसन्स. हे नीट ऐका, कारण इथे मी स्वतः आपटलेय.

भारतीय लायसन्सवर तुम्ही ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून 12 महिने गाडी चालवू शकता. त्यानंतर नाही. आणि भारताचं लायसन्स तिथे बदलून मिळत नाही. काही देशांचं मिळतं, आपण त्या यादीत नाही. म्हणजे लर्निंग लायसन्स काढा (ऑनलाइन 34 पाउंड), मग थिअरी द्या (23 पाउंड, 50 पैकी 43 उत्तरं बरोबर हवीत, शिवाय धोका ओळखायची व्हिडिओ परीक्षा), मग प्रत्यक्ष परीक्षा (आठवड्यातल्या दिवशी 62 पाउंड). त्या परीक्षेची तारीख मिळायला महिनोन्महिने लागतात. नवऱ्यानं दहाव्या महिन्यात पास केली. मी? पुण्यात रोज ॲक्टिव्हा दामटणारी, चारचाकीचं लायसन्स पाकिटात मिरवणारी मी म्हणत राहिले, "बघू गं नंतर." बारा महिने उलटले.

मग कळलं की शिकाऊ माणसाशेजारी बसणाऱ्याचं वय किमान 21 हवं आणि त्याच्याकडे तीन वर्षं लायसन्स हवं, आणि भारतातली वर्षं त्यात धरत नाहीत. म्हणजे नवराही मला शिकवू शकत नव्हता! सगळे धडे विकत. तासाला 38 पाउंडांनी तीस तास, म्हणजे 1,140.

फेब्रुवारी 2024. नवरा ऑफिसच्या कामासाठी लंडनला मुक्कामी. रात्री अकराला चार वर्षांच्या लेकीला विचित्र खोकला लागला आणि श्वास घेताना आवाज यायला लागला. 111 वर फोन केला. त्यांनी शांतपणे सगळं विचारलं आणि सांगितलं की अँब्युलन्स नको, पण तासाभरात डॉक्टरांना दाखवा. हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला. टॅक्सीचं ॲप फिरत राहिलं, गाडीच मिळेना. आणि आमची गाडी दारात उभी. त्यात मुलांची सीट लावलेली. चावी खुंटीला. मी एकटी चालवली असती तर तो गुन्हा, आणि काही झालं असतं तर विम्याचा उपयोग शून्य. तरी मी दोनदा चावी हातात घेतली होती, खोटं कशाला बोलू.

शेवटी शेजारच्यांची बेल वाजवली. तोवर त्यांच्याशी माझं बोलणं हवामानापुरतं. सत्तरी उलटलेले, एकटे राहणारे, मी मनात त्यांना आजोबा म्हणायचे. पायजम्यावर ओव्हरकोट चढवून ते आले, आमची सीट त्यांच्या गाडीत बसवली आणि आम्हाला घेऊन गेले. पहाटे तीनपर्यंत थांबले. लेक ठीक झाली, एका औषधानं उतार पडला.

दुसऱ्या दिवशी मी कागद-पेन घेऊन हिशोब मांडला. रीडिंगपेक्षा महिन्याला 400 पाउंड वाचतात, म्हणजे वर्षाला 4,800. एका गाडीचा आमचा खर्च: विमा 1,300 (भारतातला नो-क्लेम बोनस तिथे बहुधा धरत नाहीत), पेट्रोल 1,320, टॅक्स-सर्व्हिसिंग-एमओटी मिळून 600. बेरीज 3,220. गाडीची किंमत वेगळीच. म्हणजे एका गाडीवर आम्ही थोडे फायद्यात. दोन गाड्या घेतल्या की 6,440, स्वस्त घराचा फायदा गेला. आणि अशा वस्तीत दोघांपैकी एकाकडेच गाडी असेल, तर दुसरा माणूस घरात अडकतो. आपल्याकडच्या बहुतेक घरांत तो दुसरा माणूस कोण असतो, हे तुम्हाला माहीत आहे.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा दुपारी एजंटच्या गाडीतून जाऊ नका. रविवारी संध्याकाळी बसनं जा. शेवटची बस कितीला आहे ते स्टॉपवरच वाचा. दवाखाना, शाळा, दूध, तिन्हींपर्यंत पायी चालून बघा, शक्यतो पावसात. आणि दोघांच्याही लर्निंग लायसन्सचे अर्ज पहिल्याच महिन्यात टाका. घर आवडलं तर जरूर घ्या. तीन वर्षांनंतरही आम्ही तिथेच आहोत, कारण लेकीला ती गल्ली सोडायची नाहीये.

मी दुसऱ्या प्रयत्नात पास झाले. शिकवणाऱ्या बाईंनी मला त्या प्रसिद्ध मॅजिक राउंडअबाउटवरही नेलं होतं. 1972 सालचं, एका मोठ्या चक्राभोवती पाच छोटी चक्रं! स्वारगेटच्या चौकातून ॲक्टिव्हा काढलेल्या माणसाला खरं तर ते सोपं वाटतं, प्रत्येक जण दुसऱ्याला वाट देतो एवढाच काय तो फरक.

आजोबांनी मागच्या वर्षी लायसन्स परत केलं. सत्तरीनंतर ते दर तीन वर्षांनी नव्यानं काढावं लागतं, आणि डोळे आता साथ देत नाहीत, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. त्यांच्याकडे ज्येष्ठांचा फुकट बसपास आहे, पण स्टॉप चढावर आहे. मग गुरुवारी साडेदहाला मी हॉर्न न वाजवता त्यांच्या दारासमोर गाडी उभी करते. ते यादी घेऊन येतात, मी माझी यादी घेते, आणि वाटेत ते मला सांगत राहतात की मी तिसरा गिअर फार उशिरा टाकते.