आहारसंयम, बलवर्धक व्यायाम आणि भूक

मेद घटविण्यासाठी आहार कमी केला आणि त्याच वेळी वजने उचलण्याचा व्यायाम आरंभला, की काही आठवड्यांत भूक अनावर होते, असा पुष्कळांचा अनुभव आहे. याची दोन स्पष्टीकरणे सामान्यतः दिली जातात : एक, व्यायामाने भूक वाढते, दुसरे, मनोनिग्रह अपुरा पडतो. पहिले मानणारा व्यायाम सोडतो. दुसरे मानणारा आहार आणखी तोडतो. हे दोन्ही उपाय मूळ अडचण वाढविणारे आहेत, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम व्यायामाचा विचार करू. ज्याँ मेयर, रॉय व मित्रा यांनी पश्चिम बंगालमधील एका ताग गिरणीतील 213 पुरुषांचा आहार आणि श्रम यांची पाहणी 1956 मध्ये प्रसिद्ध केली. जड कामे करणारे अधिक खात होते, हे अपेक्षितच होते. परंतु बैठे काम करणारेही हलके श्रम करणाऱ्यांपेक्षा अधिक खात होते. म्हणजे श्रम वाढले की भूक त्याच प्रमाणात वाढते, असा सरळ नियम नाही. पुढे 2009 मध्ये इंग्लंडमधील लफबरो येथील संशोधकांना असे आढळले की, वजने उचलताना भूक उलट तात्पुरती मंदावते आणि भूक चेतविणाऱ्या घ्रेलिन या संप्रेरकाच्या क्रियाशील रूपाचे रक्तातील प्रमाणही उतरते. तेव्हा आठवड्यांमागून आठवडे साचत जाणाऱ्या भुकेचे कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

ते शोधताना मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 1944-45 मध्ये केलेला प्रयोग उपयोगी पडतो. 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे अपुऱ्या आहारावर ठेवण्यात आले व त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांशाने घटले. त्यांना वजने उचलण्याचा व्यायाम नव्हता, चालण्याचा होता. निर्बंध उठल्यावर ते प्रमाणाबाहेर खाऊ लागले. या नोंदींचे पुनर्विश्लेषण दुलू व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये केले. शरीरातील मेद पूर्ववत होऊन त्याहूनही वाढला, तरी अतिभक्षण थांबले नव्हते. स्नायू आदी मेदरहित ऊतींची भरपाई होईपर्यंत ते चालू राहिले. लीड्स विद्यापीठातील जॉन ब्लंडेल प्रभृतींनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही दैनंदिन आहाराच्या प्रमाणाचा संबंध मेदाशी नव्हे, तर मेदरहित भाराशी आढळला.

यावरून असे अनुमान निघते की, आहारसंयमात स्नायू झिजू लागले तर ती झीज भरून काढण्याची मागणीही भुकेत मिसळते. मेद घटल्यामुळे लेप्टिन हे संप्रेरक उतरून जी भूक लागते, ती काही अंशी अटळ आहे. स्नायूंच्या झिजेची भूक मात्र टाळता येण्याजोगी आहे. बलवर्धक व्यायाम ही झीज रोखतो. म्हणून तो सोडणे आत्मघातकी होय.

मात्र व्यायामाला दोन गोष्टींची जोड हवी. पहिली, संथ गती. नॉर्वेमधील कसलेल्या खेळाडूंवरील 2011 च्या प्रयोगात दर आठवड्यास 0.7 टक्के वजन घटविणाऱ्यांचा मेदरहित भार 2.1 टक्क्यांनी वाढला. दुप्पट वेगाने घटविणाऱ्यांचा तो वाढला नाही. दुसरी, प्रथिने. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात 2016 मध्ये 40 तरुणांचा आहार चार आठवडे गरजेपेक्षा सुमारे 40 टक्क्यांनी कमी ठेवून त्यांच्याकडून कठोर व्यायाम करवून घेतला. शरीरभाराच्या प्रत्येक किलोमागे रोज 2.4 ग्रॅम प्रथिने घेणाऱ्यांचा मेदरहित भार 1.2 किलोने वाढला व मेद 4.8 किलोने घटला, 1.2 ग्रॅम घेणाऱ्यांत हेच आकडे 0.1 व 3.5 किलो होते.

आपल्याकडील शाकाहारी व्यक्तीपुढे येथे एक अडचण उभी राहते. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये प्रौढांसाठी दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. बलवर्धक व्यायाम करणाऱ्यास सुमारे 1.6 ग्रॅम उपयुक्त ठरतात; म्हणजे 60 किलो वजनास रोज 96 ग्रॅम. कोरड्या डाळीच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 22 ग्रॅम प्रथिने व 340 उष्मांक असतात. केवळ डाळीवर ही गरज भागवू गेल्यास सुमारे दीड हजार उष्मांक तीतच खर्ची पडतील. म्हणून साय काढलेले दूध, त्याचे दही, सोयाबीनच्या वड्या आणि चालत असल्यास अंडी यांची जोड आवश्यक ठरते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून प्रथिने वाढवू नयेत.

पोट भरल्याची जाणीव केवळ उष्मांकांवर अवलंबून नसते. सिडनी येथे सुझॅना होल्ट यांनी 1995 मध्ये समान उष्मांकांच्या 38 पदार्थांची तुलना केली, तेव्हा उकडलेला बटाटा पांढऱ्या पावाच्या तिपटीहून अधिक तृप्तिदायक ठरला. मोड आलेल्या मटकीची उसळ, पालेभाजी, काकडी, पातळ ताक अशा पाणी व चोथा अधिक असलेल्या पदार्थांचे महत्त्व यातच आहे. निद्रेचेही तसेच. शिकागो येथील 2010 च्या एका छोट्या प्रयोगात आहार तोच ठेवून झोपेची संधी साडेआठ तासांवरून साडेपाच तासांवर आणली असता मेदाची घट 55 टक्क्यांनी कमी झाली, मेदरहित भाराची हानी 60 टक्क्यांनी वाढली आणि भूकही वाढली.

सारांश, जेवणाच्या वेळी लागणारी व जेवणाने शमणारी भूक सोसण्याजोगी समजावी. परंतु भुकेने झोप मोडू लागली आणि उचलता येणारे वजन आठवड्यागणिक उतरू लागले, तर आहारातील कपात अधिक झाली आहे असे समजून ती सौम्य करावी. त्या अवस्थेत मनोनिग्रहाची परीक्षा पाहण्यात काहीच साधत नाही.